सुईवरची भातुकली

आईच्या शिवणाच्या डब्यात एक स्टीलची क्रोशाची सुई असे. टोकाला बारीक आकडा, मध्ये बोटाने दाबायला चपटी जागा. त्या सुईने तिने दाराचे तोरण विणले, रेडिओवरचा रुमाल विणला आणि पुढे घरात टीव्ही आला तेव्हा त्यालाही विणून घातला. माझ्या रुखवतात तिने केलेले ताटावरचे रुमाल मांडले होते. जाणत्या बायका ते उलटे करून बघत होत्या, कारण कामाची सफाई मागच्या बाजूला कळते.

मला सुई धरायला तिनेच शिकवले. आधी साखळी, मग मुका खांब, मग खांब. नोकरी लागली तशी सुई पर्समध्ये आली आणि डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमध्ये, बसायला मिळाले की, भाचरांच्या टोप्या होऊ लागल्या. निवृत्तीनंतर मी अमिगुरुमी ही जपानी पद्धतीची विणलेली खेळणी पाहिली. अस्वले, ससे, ऑक्टोपस. तळहातावर मावणारी, एकेक जमवावीशी वाटणारी. नातीसाठी तसे काही करायचे ठरवले, तेव्हा मनात आली ती भातुकली.

भातुकलीची सगळी भांडी गोल, आणि गोल विणण्यात क्रोशाचा हात धरणारे कोणी नाही. सुरुवात सहा मुक्या खांबांनी. दर फेरीला सहा टाके वाढवत गेले, म्हणजे 6, 12, 18, 24, की चकती सपाट राहते: हा झाला तवा किंवा पोळपाट. वाढवणे थांबवले की कड उभी राहते आणि पातेले होते. प्रमाणाबाहेर वाढवले की कडेला झालर पडते; तिचा मी भाजीच्या टोपलीतला कोबी केला. या झालरीत मोठी भूमिती आहे. 1997 साली कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी हायपरबोलिक प्रतल, म्हणजे सगळीकडे अशीच झालर पडत जाणारा पृष्ठभाग, क्रोशाने विणून दाखवले. कागदाचे नमुने नाजूक असत. विणलेला नमुना विद्यार्थ्यांना हाताळता आला. आईच्या तोरणाची झालर अशीच टाके वाढवून पडली होती.

संच जमवायचा तर सगळ्या वस्तू एकमेकींशेजारी शोभल्या पाहिजेत. म्हणून सगळीकडे एकच सुती दोरा, एकच बारीक सुई आणि घट्ट टाका. त्यामुळे पातेले खळ न देताही उभे राहते आणि पाट्यात भरलेला कापूस बाहेर डोकावत नाही. जात्याचा वरचा दगड फिरलाच पाहिजे, हा माझा हट्ट होता. खालच्या दगडाच्या मधोमध विणलेली खुंटी उभी केली आणि वरचा त्यावर सैल बसवला. कुठेही मणी किंवा बटण ठेवले नाही, कारण लहान मूल हाती येईल ते तोंडात घालते.

मैत्रिणींनी आपल्या नातवंडांसाठी संच मागितले, तेव्हा किमतीचा प्रश्न आला. एक दुकानदार म्हणाले, हे तर फावल्या वेळचे काम. प्लॅस्टिकचे खेळणे साच्यातून भराभर निघते. खऱ्या क्रोशाचा टाका मात्र आजही हातानेच घालावा लागतो. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस यांचे पुस्तक 1982 मध्ये निघाले. या बायकांची लेस परदेशी बाजारात जात होती. पण घरबसल्या वेळ घालवणाऱ्या गृहिणी, असेच त्यांच्याकडे पाहिले जाई आणि मोबदला अगदी तुटपुंजा मिळे. आमच्या घरच्या रुमालांनाही कधी कोणी कामाच्या हिशोबात धरले नव्हते. म्हणून मी प्रत्येक वस्तूला लागणारे तास लिहून काढले आणि किंमत त्यावरून ठरवली.

विणलेले खेळणे घ्याल तेव्हा ते उलटे करून बघा, सफाई पारखा आणि करणारीला किती वेळ लागला ते विचारा. मग त्या वेळाचे पैसे पुरते द्या.