‘देईल’ आणि ‘देऊ शकेल’

वर्षानुवर्षे व्याकरण शिकवले की माणसाला एक खोड जडते. लग्नपत्रिका असो की विजेचे बिल, मजकुराच्या आधी त्यातले क्रियापद दिसते. आमचे ‘हे’ यावरून माझी थट्टा करतात. करोत बापडे! पण याच व्याकरणात मी स्वतः एकदा अशी चुकले की, त्या चुकीचा भुर्दंड दुसऱ्याच कुणाला पडला.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा जावई २०२१ च्या साथीत गेला. लेक आणि पाच वर्षांचा नातू मावशींच्या एका खोलीत राहायला आले. मावशी तशा खंबीर, पण एके दिवशी कढई घासता घासता म्हणाल्या, “ताई, पोराला आश्रमात टाकावं म्हणते. दोन टायमाचं जेवण तरी मिळंल.”

मी हातातला कप खाली ठेवला. बालसंगोपन योजनेविषयी कुठेतरी वाचले होते, तेवढ्या भांडवलावर म्हटले, “अहो, आश्रम कशाला? वडील गेलेल्या मुलाला घरीच सांभाळायला सरकार दरमहा पैसे देतं. मिळतील!”

मिळतील. साधा भविष्यकाळ. किती सहज बोलून गेले!

मग मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, अशी दाखल्यांची वरात आम्ही जमवली. बालकल्याण समितीपुढे गेलो. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. त्यांनी आपुलकीने चौकशी केली, पोराला नाव विचारले, त्याने ते आजीच्या पदराआडून सांगितले. यथावकाश आदेश निघाला. तेव्हा महिन्याची रक्कम ११०० रुपये होती. २०२३ साली ती २२५० झाली. आमच्या घरी रविवारी चौघे बाहेर जेवलो तर एवढे सहज उडतात, हे मी कबूल करते.

पहिले पैसे आले तेव्हा मावशींनी मला कागदात गुंडाळून दोन पेढे आणून दिले. आश्रमाचे नाव पुन्हा निघाले नाही. पुढे मात्र पासबुकाची पाने कोरी राहू लागली. चार-चार महिने काही नाही, मग एकदम काहीतरी जमा, पुन्हा सामसूम. आणि माझ्या त्या ‘मिळतील’वर विसंबून मावशींनी वाण्याकडे पोराच्या दुधाचे, बिस्किटांचे खाते उघडलेले!

मी तावातावाने कचेरीत गेले. तिथले कारकून सज्जन निघाले. म्हणाले, “मॅडम, तरतूद आहे, निधी नाही.”

मी हे दोन शब्द आजवर एकाच अर्थाचे समजत होते. त्यांनीच माझी शिकवणी घेतली. तरतूद म्हणजे विधिमंडळाने मंजूर केलेला आकडा. निधी म्हणजे तो आकडा खजिन्यातून पायरी पायरीने उतरत त्यांच्या टेबलापर्यंत पोचला तर!

घरी येऊन मी चिकाटीने वाचायला बसले. अर्थसंकल्पात खात्याखात्याच्या ‘मागण्या’ सभागृहापुढे येतात, मग विनियोजन विधेयक संमत होते. त्यावाचून राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपया हलत नाही. खर्चाच्या जातीही दोन: ‘भारित’ आणि ‘दत्तमत’. भारित खर्चावर चर्चा होते, मतदान होत नाही. राज्याच्या कर्जावरचे व्याज भारित. मावशींच्या नातवाचे दूध दत्तमत. सावकार आधी, पोर मागून! सावकाराचे पैसे थकवून राज्य चालत नाही, हे मलाही कळते. कळले म्हणून पटलेच पाहिजे असे नाही.

समिती ज्या कायद्याने बसते, तो २०१५ चा बालन्याय कायदाही मिळवला. हेतू फार चांगला. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय, असे तो स्वच्छ सांगतो. पण क्रियापदे पाहा. मुलांच्या प्रायोजकत्वासाठी राज्य सरकारने नियम करावेत, तिथे इंग्रजी मजकुरात ‘शॅल’ आहे. म्हणजे करावेच लागतील. त्याच कलमात कुटुंबाला औषधपाणी, पोषण, शिक्षण यांसाठी पूरक साहाय्य देण्याची गोष्ट निघाली की ‘मे’. म्हणजे देता येईल. मुलांसाठी राज्याने निधी उभारायचा, तिथेही ‘मे’च. नियम ‘होतील’, पैसे मात्र ‘मिळू शकतील’. मी मावशींना चुकीचा प्रयोग सांगितला होता.

अपराधी वाटून एक दिवस म्हटले, “मावशी, वाण्याचं मी भागवते.”

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. “नको ताई. तुमचं घेतलं तर त्ये दान झालं. कायद्यात त्याचं हाय म्हनता न्हवं? मंग त्याचंच येऊ द्या.”

यावर मला बोलता येईना. वर्गात साठ मुलांना गप्प करणारी मी!

नातू आता चौथीत आहे. परवा तो आजीबरोबर आला होता. आमच्या ओट्यावर बसून शुद्धलेखन लिहीत होता. अक्षर देखणे आहे. काम आटोपून निघताना मावशींनी विचारले, “दिवाळीच्या आत येतील न्हवं ताई?”

‘येतील’ ओठांवर आलेले मी गिळले. “पासबुक भरून आणा,” म्हटले, “सोमवारी मला सुट्टी आहे. आपण दोघी कचेरीत जाऊ.”