कंदील कोणाच्या ताब्यात?

एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने १९७८ साली ‘मड’ हा खेळ लिहायला घेतला, रिचर्ड बार्टलने तो पुढे वाढवला. चित्र नाही, आवाज नाही. नुसती वाक्यं, आणि एकाच जगात एकाच वेळी वावरणारे अनेक खेळाडू. समांतर प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर असाच एक छोटा खेळ लिहावा, असं मी कोणालाही सांगतो.

पाठ्यपुस्तकात यासाठी बँकेतल्या शिलकीचं उदाहरण असतं, दोघे एकाच वेळी तीच शिलक बदलतात. आकडा चुकतो, पण चूक डोळ्यांसमोर घडत नाही. खेळात घडते. दोन खेळाडू एकदम ‘कंदील घे’ म्हणतात. दोघांसाठी एकाच वेळी स्वतंत्रपणे चालणारे थ्रेड खोलीत बघतात, दोघांनाही कंदील दिसतो, दोघांच्याही पिशवीत पडतो. बघणं आणि उचलणं यांच्यामधली फट इतकी बारीक की हाताने टाइप करून ती सापडत नाही. तिथे मुद्दाम दोन सेकंदांची झोप घालावी, दोन खिडक्यांतून टेलनेटने खेळाला जोडावं, आणि एका कंदिलाचे दोन होताना शांतपणे पाहावं.

यावर उपाय म्हणून मग खोलीला लॉक येतं. ते ज्याच्या हाती, त्यानेच खोलीला हात लावायचा. चौकातून तळघरात जाणाऱ्याला दोन्ही लॉक लागतात. तळघरातून चौकात येणाऱ्यालाही. एकेक धरून दोघे दुसऱ्याची वाट पाहत बसतात. एरर नाही, प्रोसेसर निवांत, खेळ गप्प. खोल्यांना क्रमांक देऊन नेहमी लहान क्रमांकाचं लॉक आधी घ्यायचं, हा उपाय रुक्ष आहे, पण माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे.

एरिक्सनमध्ये जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी १९८६पासून टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली अरलँग भाषा लॉकच काढून टाकते. प्रत्येक खोली ही वेगळी प्रोसेस. आपल्या वस्तू तिच्याच हाती, इतरांनी फक्त निरोप पाठवायचा. निरोप रांगेत येतात, एकेक हाताळला जातो. कंदिलाचं पहिलं भांडण तिथेच मिटतं. पण खोलीने कंदील दिला, खेळाडूला अजून मिळाला नाही आणि नेमकं त्याचं कनेक्शन तुटलं, तर कंदील कोणाचा? म्हणून पोच येईपर्यंत तो खोलीच्याच नावावर ठेवायचा. त्या दरम्यान तिसरा खेळाडू ‘बघ’ म्हणाला, तर त्याला कंदील दिसावा का? हे भाषा ठरवत नाही, खेळ रचणाऱ्याला ठरवावं लागतं. माझ्या खेळात तो दिसतो, उचलता मात्र येत नाही.