हदगावच्या वाटेवरील कवडी-आरशांची कला

नांदेडहून नागपूरकडे जाणारा महामार्ग अर्धापूर व वारंगा फाटा मागे टाकीत हदगावला पोहोचतो. पुढे पैनगंगा ओलांडली की विदर्भातील उमरखेड लागते. नदीच्या दोन्ही तीरांवर कापूस, सोयाबीन व हळदीची शेते आहेत आणि गावांपासून थोडे अंतर राखून बंजारा समाजाचे तांडे वसले आहेत.

व्यापारी घराण्यांना हे नाते परके नसावे. सतराव्या शतकात मोगल फौजांना रसद पुरवीत हे तांडे दख्खनमध्ये उतरले. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून ते पेठापेठांत पोहोचवीत. एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते व रेल्वे आली आणि तो व्यवसाय बुडाला. स्त्रियांच्या अंगावरील कला तेवढी टिकली. घेरदार फेटिया, कांचळी व ओढणी यांवर रंगीत दोऱ्याचे टाके, आरसे, कवड्या आणि नाणी जडविलेली असतात. घागरीखालची चुंबळसुद्धा कवड्यांनी सजविलेली असते.

आज हा पोशाख बहुधा वृद्ध स्त्रियांच्या अंगावर अथवा लग्नकार्यात दिसतो. ऊसतोडीसाठी महिनोन्‌महिने घराबाहेर राहणाऱ्या लेकीसुनांना भरतकामास सवड कोठून मिळणार? जुनी वस्त्रे विकली जातात आणि त्यांच्या तुकड्यांच्या शोभिवंत पिशव्या शहरात महागात खपतात. वस्तूला बाजार आहे. ती घडविणारे हात मात्र कमी होत आहेत. कर्नाटकातील सांडूरच्या लंबाणी भरतकामास भौगोलिक निर्देशांक लाभला. जुलै २०२३ मध्ये हंपी येथील जी-२० बैठकीच्या वेळी तेथील ४५० हून अधिक कारागीर स्त्रियांच्या १,७५५ वस्तूंच्या प्रदर्शनाची गिनीज नोंद झाली.

मग येथे ही कला शिकणार कोण? प्रत्येक गावात दिव्यांग तरुण-तरुणी आहेत. त्यांच्याजवळ वेळ आहे, काम नाही. भरतकाम बसून करता येते. मूकबधिर विद्यार्थी डोळ्यांनी टाका उचलतो. एक हात अधू असल्यास कापडाची चौकट मेजाला पक्की बांधता येते. दृष्टिहीन व्यक्ती स्पर्शाने कवड्या निवडून गोंडे ओवू शकते. आधी धावदोरा, मग साखळी टाका आणि शेवटी आरसा बसविणे, असा क्रम धरल्यास तांड्यातील आजीच उत्तम शिक्षिका ठरेल. तिच्या ज्ञानाचे मोल मानधनाच्या रूपाने दिले पाहिजे.

ही कल्पना स्वप्नाळू नाही. बाबा आमटे यांनी वरोरा येथे १९४९ मध्ये उभारलेल्या आनंदवनात कुष्ठमुक्त, अंध व मूकबधिर माणसे हातमाग व हस्तकलेवर स्वाभिमानाने जगत आली आहेत. बाबांचा भर दयेवर नव्हता, श्रमावर होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानेही व्यवसाय प्रशिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

प्रशिक्षणानंतरचा प्रश्न विक्रीचा, आणि तेथे व्यापाऱ्याचे कसब हवे. कच्चा माल रास्त दराने देणे, लग्नाच्या आहेरासाठी आगाऊ मागणी नोंदविणे, टाके व तास मोजून मजुरी ठरविणे आणि ती वेळेवर चुकती करणे एवढे झाले तरी पुष्कळ. देणगी एकदाच दिली जाते. नियमित मागणीने मात्र घर चालते आणि कलाही जगते. टाके जाणणाऱ्या वृद्धा हयात आहेत, तोवरच हे शक्य आहे.