पप्पांची सही

पालीच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग आणि कोल्हापूरचा रस्ता एकमेकांची सोबत सोडतात. एक लांज्याकडे वळतो, तर दुसरा नाणिजवरून आंबा घाटाच्या दिशेने निघतो. या तिठ्यापासून थोड्याच अंतरावर आमचे घर. २०१२ साली पप्पांनी बँकेचे कर्ज काढून एक छोटी मोटार घेतली. २०२२ च्या पावसाळ्यात पप्पा गेले आणि गाडी अंगणात उभी राहिली. आईला चालवता येत नाही, मी मुंबईला. उंदरांनी वायरी कुरतडायला सुरुवात केली, तेव्हा आईच म्हणाली, "विकून टाक रे. तिच्याकडे पाहिले की जीव गलबलतो."

गिऱ्हाईक चालून आले. आंब्याच्या पेट्यांचा धंदा करणारा एक तरुण एक लाख चाळीस हजार द्यायला तयार झाला. त्याने आर.सी. बुक मागितले आणि आमचा शोध सुरू झाला. कपाट, पेटी, माळा सारे धुंडाळले. आम्हा भावंडांचे बाप्तिस्म्याचे दाखले सापडले, जुन्या वीजबिलांची जुडी सापडली. गाडीचा कागद मात्र सापडला नाही.

"ताई, पैसे आजच घ्या, कागद मागाहून बघू," तो तरुण म्हणाला. एका एजंटाने तर त्याहून सोपी वाट दाखवली. मालक हयात असल्याचे दाखवायचे, नमुना २९ आणि ३० वर मागची तारीख घालायची. "सही तेवढी तुम्ही मारा. वडिलांची सही येतच असेल की!"

येत होती. आठवीत असताना प्रगतिपुस्तकावर मी ती एकदा केली होती. पप्पांनी पाहिले. रागावले नाहीत. माझ्या खोट्या सहीखाली त्यांनी आपली खरी सही केली आणि पुस्तक माझ्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी ते गुरुजींपुढे ठेवताना मला जे वाटले, ते मी अजून विसरलेलो नाही.

मी आईकडे पाहिले. ती एवढेच म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या हातून आता खोटे लिहवून घ्यायचे का?"

एजंटाला निरोप दिला. कागदाशिवाय गाडी देण्यात धोकाही होताच. अनेक हात बदललेल्या एका गाडीच्या अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्वाळा दिला आहे, की नोंदणी ज्याच्या नावे, भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी विकली, पण नाव बदलले नाही, तर पाप दुसऱ्याचे आणि प्रायश्चित्त आपले.

मग सरळ वाट धरली. प्रथम पोलीस ठाण्यात कागद हरवल्याची नोंद केली. दुय्यम प्रतीसाठी नमुना २६ भरला. तेव्हा कळले, की कर्ज केव्हाच फिटले असले तरी नोंदीवर बँकेचा बोजा तसाच आहे. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ आणून तो उतरवला. मालक वारल्यास गाडी आधी वारसाच्या नावे व्हावी लागते. त्यासाठी नमुना ३१, मृत्यूचा दाखला आणि आम्हा भावंडांची संमतीची प्रतिज्ञापत्रे जोडली. हा अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. आम्हाला फार उशीर झाला होता, दंड भरला. गाडी आईच्या नावे झाल्यावरच ती दुसऱ्याच्या नावे करण्याचा मार्ग मोकळा झाला. माझ्या रत्नागिरीच्या खेपा मोजल्या नाहीत. रजा मात्र संपली.

तोवर आंब्याचा हंगाम सरला आणि त्या तरुणाने दुसरी गाडी घेतली. आमची पुढे एक लाख पंधरा हजारांना गेली. पंचवीस हजारांचा तोटा झाला, असे शेजारी अजून म्हणतात.

वाचकहो, आपल्या घरातील गाडीचे कागद कोठे आहेत आणि फिटलेल्या कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे आज संध्याकाळीच पाहून ठेवा. माणूस गेल्यावर त्याची प्रत्येक राहिलेली सही घरच्यांना शोधत फिरावी लागते.

गाडी न्यायला आले त्या दिवशी विक्रीच्या कागदावर आईने सावकाश, एकेक अक्षर लावून, स्वतःची सही केली. मग गाडी वळून महामार्गाला लागेपर्यंत ती अंगणात उभी होती.