वरचें पाणी

होडी म्हटली कीं बुडण्याची भीति मनांत येते, आणि ती भीति सहजच खालच्या पाण्याची असते. म्हणून होडी बांधणारा आपलें सारें कसब तळाशीं वेंचतो. फळ्यांच्या सांध्यांत सूत ठोकून बसवितो, अंगास तेल-रंग चढवितो, आणि पुढें मालकहि दर वर्षीं तिला वर ओढून तपासतो. छपराकडे मात्र सहसा कोणी मान वर करून पाहात नाहीं. गेल्या वैशाखांत हर्णैस एका तांडेल स्नेह्यांच्या होडीचें गळकें छप्पर बदलावयाचें होतें, तेव्हां आम्ही पंधरवडाभर तेथें होतों. तेव्हांपासून खालच्या पाण्याची ही एकटी भीति आम्हांस फार अपुरी वाटूं लागली आहे.

सुकाणूंची ती खोली जेमतेम पांच हात लांब. खलाशी तिला केबिनच म्हणतात. पण चाक, वायरलेस, बॅटरीच्या तारा आणि थकलेल्या खलाशाची झोंप हीं सर्व तिच्याच आश्रयास. थेंब पडे तो नेमका वायरलेसवर. काळोख्या रात्रीं किनाऱ्यास हांक मारण्याचें साधन तें; तेव्हां गोष्ट क्षुल्लक नव्हती.

तांडेलांचे धाकटे बंधु म्हणत, "दादा, वर डांबर ओतूं, ताडपत्री बांधूं. हंगामाचे शेवटचे पंधरा दिवस कशाला बुडवायचे?" त्यांचें म्हणणें गैर नव्हतें. पावसाळी बंदीपूर्वींच्या मिळकतीवर पुढचे दोन महिने घर चालावयाचें असतें, खलाशांचा हिशेब चुकवावयाचा असतो. तांडेल एवढेंच म्हणाले, "आधीं पाणी येतं कुठून तें बघूं या."

छपराच्या खालच्या कडेपासून आरंभ करून आम्ही एकेक हात वर पाणी ओतीत गेलों. गळतीचा शोध याच क्रमानें करावा लागतो. एकदम माथ्यावर ओतल्यास पाणी चहूंकडे पसरतें आणि कांहींच उमगत नाहीं. पाणी दिव्याच्या खांबापाशीं पोंचलें तेव्हां आंत थेंब दिसला. खांब वायरलेसपासून चांगला तीन हात दूर! त्याच्या एका स्क्रूच्या भोंकांतून शिरलेलें पाणी वाशाच्या अंगानें वाहत येऊन सांध्याशीं टपकत होतें.

वरचा प्लाय उचकटला, तों वाशांत टोंचा लोण्यांत शिरावा तसा शिरला. चारांपैकीं दोन वासे कुजून गेले होते. नवल हें, कीं त्याच होडीचा तळ इतकीं वर्षें खाऱ्या पाण्यांत राहूनहि टणक होता. पण कारण सरळ आहे. लाकूड कुजवितें ती बुरशी. तिला ओल हवी तशी हवाहि हवी, आणि खारें पाणी तिला सहसा मानवत नाहीं. लाकडांतील ओल शेंकडा २० च्या खालीं राहिली तर ती वाढूं शकत नाहीं. उलट छपराखालच्या बंद फटींत गोडें पाणी मुरत राहिलें कीं तिची सुगीच. पावसाळ्यांत समुद्रापासून वांचवावी म्हणून होडी आंजर्ल्याच्या खाडींत नेतात. तेथें ती लाटांपासून वांचते, आणि पाऊस तिला वरून खातो. डांबर ओतलें असतें तर ती ओल आंतच कोंडली असती.

तांडेलांनीं त्या पंधरा दिवसांवर पाणी सोडलें. नवे सागवानी वासे बसले. त्यांवर ७१० नंबरचा मरीन प्लाय, पाणी सांचूं नये म्हणून मधोमध किंचित् उंच. त्यावर फायबरचा थर. मिस्त्रींनीं सर्वांत अधिक वेळ घेतला तो भोंकांसाठीं. प्रत्येक भोंक त्यांनीं मुद्दाम मोठें पाडून रेझिननें भरलें, आणि तें सुकल्यावर त्याच्या मधोमध बारीक भोंक पाडून स्क्रू आवळला. आतां पाणी स्क्रूभोंवतीं आलें तरी लाकडास शिवणार नाहीं.

मोठ्या संकटाविरुद्ध मनुष्य शहाणपणानें भिंत उभारतो, आणि लहानसहान सोयींसाठीं तिला आपल्याच हातानें भोंकें पाडीत राहतो. दिवा हवा, अँटेना हवी, झेंड्याची काठी हवी. प्रत्येक सोय आपापल्या जागीं रास्तच असते. म्हणून हल्लीं छपरावर कांहीं बसवावयास कोणी चढूं लागला, कीं तांडेल खालूनच विचारतात, "बाबा, भोंक बुजवणार कोण?"