गोखिवऱ्याचा टसर

वसईला जाणारी मंडळी बहुधा किल्ला पाहून परततात. चिमाजीअप्पांच्या फौजेने १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतलेला तो किल्ला पाहावा हे खरेच. जमल्यास आगाशीची सुकेळीही बांधून आणावीत. पण एकदा वसई रोड स्टेशनात पूर्वेच्या बाजूने बाहेर पडावे आणि गोखिवऱ्याहून तुंगारेश्वराच्या डोंगराकडे पाहावे, अशी माझी शिफारस आहे. मध्ये कारखान्यांचे गाळे, नव्या इमारती, अहमदाबादचा महामार्ग. आणि पलीकडे रान. त्या रानातला ऐन सुसरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीवरून ओळखू येतो. २००३ पासून ते अभयारण्य आहे. तेथून काही उचलून आणायचे नाही.

आणायची गरजही नाही. ऐनाचा भाऊबंद आपल्या अंगणातच असतो, तो म्हणजे बदाम. रानात ऐन खाणारी टसर रेशमाची अळी बदामाची पानेही आवडीने खाते.

गोखिवऱ्याला आमच्या मेव्हण्यांचे जुने घर आहे. अंगणात बदाम. त्याच्या पानांनी पन्हाळी तुंबतात म्हणून तो तोडावा, असे मेव्हण्यांचे मत. गेल्या वर्षी नवरात्रात त्यांच्या मुलीला त्यावर तीन अळ्या दिसल्या. बोटाएवढ्या जाड, पोपटी, अंगावर तुरळक केस आणि कुशीला चांदीचे ठिपके. ही कॉलेजातली मुलगी. तिने जुनी मच्छरदाणी फाडून ती फांदीसकट बांधून टाकली. आत पाने ताजी, बाहेर कावळे. घरात टसर पाळायचा तो असा. खोक्यात तोडलेली पाने सुकतात.

मी गेलो तेव्हा एक अळी मान वर करून निश्चल बसली होती.

"काका, फांदी हलवू नका. ती कात टाकतेय."

अंड्यातून निघाल्यापासून कोश विणीपर्यंत अळी चारदा कात टाकते. बाकी वेळ एकच उद्योग. रात्री रहदारी थांबली की पाने कुरतडल्याचा आवाज ओसरीवर ऐकू येई आणि सकाळी जाळीच्या तळाशी मिऱ्याएवढ्या लेंड्यांचा खच पडलेला असे.

दिवाळीच्या आगेमागे तिन्ही अळ्यांनी कोश विणले. आधी डहाळीला रेशमाची अंगठी, तिला लोंबता देठ आणि देठाला कोंबडीच्या अंड्यासारखा कोश. नख रुतणार नाही इतका टणक! पुढे बदामाची पाने लाल होऊन गळली, तरी कोश जागच्या जागी राहिले. कर्नल साइक्स या इंग्रजाने १८३४ च्या सुमारास दख्खनच्या या किड्यावर लेख लिहिला. त्यात त्याने किड्याचे नाव 'कोलिसुरा' दिले आहे आणि मराठे कोशाच्या पट्ट्या कापून त्यांनी बंदुकीची नळी दस्त्याला बांधतात, त्या चामड्याहून टिकतात, असे नोंदवले आहे. पुढे १८७० च्या दशकात मेजर कूसमेकर यांनी पुण्यात टसर पाळण्याचे प्रयोग केले. पण खरे जाणकार भंडारा-गडचिरोलीकडचे ढीवर. तिकडे ऐन-अर्जुनावर या अळ्या पिढ्यान्‌पिढ्या पाळतात आणि रेशमाला कोसा म्हणतात.

कोसा म्हणताच वहिनींचे डोळे चमकले. तीन कोशांत साडीचा पदर सोडाच, रुमालही होत नाही! शिवाय अखंड धागा हवा तर आतला जीव वाफेने मारावा लागतो. मुलीने साफ नकार दिला. सात-आठ महिने कोश तसेच टांगलेले.

जूनच्या पहिल्या सरींनंतर एका संध्याकाळी पहिल्या कोशाचे देठाकडचे टोक ओले झाले. पतंग आतून रस सोडून कोश मऊ करतो आणि बाहेर येतो. हा नर होता, तांबूस, पिसांसारख्या रुंद मिशांचा. पंख वाळताच रात्रीच उडून गेला. दुसरा कोश उघडलाच नाही. कापला तेव्हा आत माशीच्या अळीने पोखरलेले टरफल निघाले. चार दिवसांनी तिसऱ्यातून मादी आली. पिवळसर, ओंजळभर मोठी, चारही पंखांवर काचेच्या खिडकीसारखे एकेक वर्तुळ.

या पतंगांना खाता येत नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवर आठवडाभराचे आयुष्य. मादी उडत हिंडतही नाही. बसल्या जागी गंध सोडते आणि दूरवरचे नर मिशांनी तो टिपून येतात. पण येणार कोठून? रान महामार्गापलीकडे. वाटेत भगभगीत दिवे. मुलीने मादीला जाळीत ठेवून जाळी गच्चीत टांगली. पहिली रात्र कोरडी गेली. दुसऱ्या रात्री पाऊस. मेव्हणे म्हणाले, "अगं, सोडून दे तिला. आता कोण येतंय?"

तिसऱ्या पहाटे जाळीवर बाहेरून एक तांबूस नर बसला होता. पंखाची कड फाटलेली. जाळी उघडताच जोडी जमली ती संध्याकाळपर्यंत सुटली नाही. नंतर मादीने दीडशेवर अंडी घातली आणि आठ-दहा दिवसांत मुंगीएवढ्या अळ्या बाहेर पडल्या.

मेव्हण्यांनी पन्हाळींवर जाळी बसवून घेतली आहे. बदाम उभा आहे. एवढ्या अळ्यांना एक झाड पुरेल का, ही चिंता आता वहिनी करतात.