दोन थापा

बापू अमळनेरहून पॅसेंजरने उधन्याला उतरले आणि सुरतजवळच्या सचिनला आले, ते मागावर काम मिळेल म्हणून. मिळालं कोळशाच्या यार्डात. जीआयडीसीतल्या डाइंग मिलच्या बॉयलरांना लागणारा कोळसा तिथे ढिगाने पडलेला असायचा, आणि रंग उडालेला एक लोडर तो दिवसभर डंपरांत भरायचा. बापू आधी त्यावर हेल्पर, मग ऑपरेटर. लोक अशा प्रत्येक पिवळ्या यंत्राला जेसीबीच म्हणतात, याचा त्यांना राग. "जेसीबी खोदस, लोडर भरस!" म्हणायचे.

सुट्टीत मी डबा घेऊन जायचो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच रमायचो. लोडर मागे घेताना बापूंना मागचं काही दिसायचं नाही. मी बाजूला उभा राहून पत्र्यावर थाप मारायचो. एक थाप म्हणजे येऊ द्या, दोन म्हणजे थांबा. इंजिनाच्या त्या कल्लोळात त्यांना थाप कशी ऐकू येते, याचं तेव्हा नवल वाटलं नाही. वाटलं ते पुढे, घरातली हाक त्यांना ऐकू येईनाशी झाली तेव्हा.

"मशीन बोलस रे पोऱ्या," ते सांगायचे. बकेट ढिगात घुसली की आवाज जड व्हायचा, आणि त्या जडपणावरून त्यांना वजन कळायचं. डंपरच्या पाट्या किती बसल्या यावर एक नजर टाकून ते आकडा सांगायचे. काट्यावर फरक पडलाच तर थोडका. त्यावर चहाची पैज लागायची, आणि चहा बहुतेकदा बापूंनाच मिळायचा.

शेजारच्या यार्डात 'हिंदुस्तान 2021' होता, चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यातला. बापू त्याच्याकडे दुसऱ्याच्या बैलजोडीकडे बघावं तसं बघायचे. 2021 हे तेव्हा नुसतं मॉडेलचं नाव होतं. त्या नावाचं साल उजाडलं, 1 एप्रिलपासून देशात बांधकामाच्या नव्या यंत्रांना धुराचे कडक नियम लागले, आणि बापूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. छातीने गेले. डॉक्टर कोळशाचं नाव घेत नव्हते, आम्हीही घेतलं नाही.

गेल्या दिवाळीत सचिनला गेलो होतो. यार्ड तेच, लोडर नवा. ऑपरेटर नंदुरबारकडचा पोरगा. त्याने कौतुकाने वर बसवलं. काचेची बंद केबिन, आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे फटीतून धूळ आत शिरतच नाही. सीटखाली हवेची उशी. बापूंची कंबर आठवली. रात्री माझा धाकटा भाऊ त्यावर उभा राहून चालायचा. दोन दांड्यांऐवजी एकच जॉयस्टिक, मनगटाने चालणारी. बापूंचा उजवा खांदा शेवटी भाकरीचा तुकडा मोडतानाही दुखायचा. बकेट उचलताना तेलावर किती दाब येतो ते मोजून पडद्यावर टनांचा आकडा उमटतो. पोरगा म्हणाला, काट्यावर जायची गरजच नाही, काका. पैजेचा चहाही गेला म्हणायचा. बापूंच्या अंगात जे जे मोडलं, ते ते कुणीतरी वही घेऊन टिपून ठेवलं असावं आणि सगळं या यंत्रात दुरुस्त करून टाकलं असावं, असं वाटत राहिलं. जुनं यंत्र बरं होतं, असं मी म्हणणार नाही. त्या पोराच्या जागी माझा मुलगा असता तर मी हेच यंत्र मागितलं असतं. पण त्याने दार लावलं तेव्हा इंजिनाचा आवाज पार लांब गेला, पलीकडच्या गल्लीत कुणी गिरणी लावावी तसा, आणि मला आत बसवेना.

उतरलो. लोडर जागेवरच गुरगुरत होता. चालता चालता हात आपसूक मागच्या पत्र्यावर गेला आणि दोन थापा मारल्या. आतल्या पोराला ऐकू गेल्या नाहीत. मागच्या कॅमेऱ्यात मी दिसलो असेन. त्याने पडद्यावरून नजर न काढता निरोपाचा हात हलवला.